पंख्यातली वडी

१

लॅपटॉप उघडायचा तर आधी त्याला पुरता थंड करावा लागतो. चार्जर काढायचा. बॅटरी काढायची. मग चालू करायचं बटण दाबून धरायचं आणि तीसपर्यंत मोजायचं, म्हणजे आत कुठे वीज दडून बसली असेल तर ती निघून जाते. त्यानंतर न्हाणीतल्या लोखंडी नळाला हात लावून यायचं, कारण वीज आपल्या अंगातही असते आणि ती पार्टला लागली की पार्ट गेला. ठाण्याच्या क्लासमधले सर यासाठी मनगटाला बांधायचा पट्टा घ्या म्हणायचे. माझं नळावर भागतं.

स्क्रूसाठी मी आप्पेपात्र वापरते. सात खळगे. खालच्या झाकणाचे स्क्रू पहिल्यात, कीबोर्डचे दुसऱ्यात, ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसला तर तो बोर्डाला भोक पाडतो, मग गिऱ्हाईक डोकं खातं ते वेगळं. या आप्पेपात्रावरून माझ्या सासूने, राहीबाईने, मला इतकं ऐकवलंय की विचारू नका. आमच्या घरी आजवर आप्पे झालेले नाहीत हे मात्र खरं.

घर आमचं धामणकर नाक्याच्या मागे, लूमच्या कारखान्याच्या भिंतीला भिंत. लूम चालू असले की फरशी थरथरते आणि स्क्रू खळग्यांत नाचतात. म्हणून उघडायचं काम मी दुपारी एक ते चारच्या लोडशेडिंगमध्ये करते. लूम बंद, फरशी शांत, दारातून ऊन आत येतं तेवढा उजेड पुरतो. माझा नवरा कुमार वडप्याला गोडाऊनवर सुपरवायझर, त्याची ड्युटी सकाळपासून. सासू दुपारी मशेरी लावून ओटीवर बसते. मुलगी क्षितिजा पहिलीत, ती शाळेतून येऊन जेवून झोपते. त्या तीन तासांत मला कुणी हाक मारत नाही.

एक गोष्ट क्लासमध्ये शिकवली नाही, ती मी आपली आपण शिकले. प्रत्येक लॅपटॉपच्या पोटात त्याच्या घराचा कचरा असतो. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर काय वाटेल ते ओढतो. गरम हवा बाहेर पडते तिथे तांब्याची बारीक जाळी असते, तिच्यावर हा कचरा थापला जातो आणि दाबून दाबून त्याची वडी होते. वडीला पदर असतात. जुना जाळीला चिकटलेला, नवा पंख्याच्या बाजूला. भिवंडीत सुताची लव सगळ्यांच्याच वडीत असते, पण बाकीचं ज्याचं त्याचं. एकदा एका डॉक्टरांना मी विचारलं, घरात मांजर आहे का? ते म्हणाले, मांजर जाऊन चार वर्षं झाली.

असं कुणाला चाट पाडलं की मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

२

दोन हजार सातच्या नोव्हेंबरात धनेश आला. धनेश कुमारचा चुलतभाऊ, मानकोलीचा. जमिनीवर गोडाऊन बांधून भाड्याने दिलेत, तेव्हापासून त्याची चालच बदललीय. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढून ओटीवर ठेवला. एक भाडेकरू कंपनी जागा सोडून गेली, ऑफिसच्या खणात हा राहिला होता. चालू होतो, पण दहा मिनिटांत तापतो आणि बंद पडतो. वहिनी, बघा जरा, घाई नाही, म्हणाला आणि चहाही न घेता गेला.

मी उलटा करून खालचं लेबल पाहिलं. तीन वर्षांचा होता. दुखणं काय ते उघडायच्या आधीच सांगता आलं असतं, पंखा तुंबलाय. गोडाऊनचा माल म्हणजे आत खोक्यांचा भुसा आणि सिमेंट निघणार, असा मी मनात हिशेब केला.

एक वाजता लूम थांबले. बॅटरी काढली, बटण दाबलं, मोजायला लागले. एकोणिसाव्या आकड्याला समोरचा निळा दिवा लागला.

असं होतं कधीकधी. उरलीसुरली वीज असते, क्षणभर लुकलुकते. पण हा लुकलुकला नाही, नीट लागला आणि तीस होईपर्यंत तसाच राहिला. मी बॅटरी हातात घेऊन पाहिली, ती माझ्या मांडीवरच होती. मग दिवा विझला. मी पुन्हा तीस मोजले, नळाला हात लावून आले, आणि स्वतःलाच म्हटलं, रीमा, काम कर.

स्क्रू सहज निघाले. जरा जास्तच सहज. कंपनीचे कामगार स्क्रू करकचून पिळतात. मी शेवटचा पाव फेरा सोडते, म्हणजे पुढच्या वेळी डोकं झिजत नाही. हेही सगळे पाव फेरा सोडून बसवलेले होते. असेल कुणी माझ्यासारखंच, म्हटलं.

जुन्या रिचार्ज कार्डाने कडेचे खटके सोडवले, कीबोर्डची पट्टी काढली, पंखा मोकळा केला. त्यामागे जाळीवर वडी होती, बोटाएवढी जाड. मी चिमट्याने ती अख्खी उचलली आणि आप्पेपात्राच्या मधल्या खळग्यात ठेवायला गेले, तर चिमट्यातून निसटून ती कशीही खळग्यात पडली. वाकून पाहिलं आणि आधी वासच आला.

मशेरीचा वास होता. ओटीवर सासू बसली होती, पण वारा उलट्या बाजूचा होता.

३

ब्लेडने मी पदर सोडवायला घेतले, वरून खाली, जुन्याकडून नव्याकडे.

पहिल्या जाड पदरात सुताची लव होती, मशेरीची काळी भुकटी होती, आणि लोकरीचे तंतू. मरून आणि पोपटी, दोन धागे एकत्र पिळलेले. मी तिथेच थांबले. आमच्या दाराला लोकरीचं तोरण आहे. माझ्या आईने, रंगूबाईने, माझ्या लग्नात दिलेलं. तिने स्वतःचा जुना मरून स्वेटर उसवला, लोकर पुरेना म्हणून पोपटी धागा बरोबर घेऊन विणलं. तसलं दुसरं तोरण जगात नसेल, इतकं ते विचित्र दिसतं.

आणि केस. बारीक, भुरे. सहा वर्षं मी रोज तेच केस विंचरतेय. लहानपणापासून क्षितिजाचे केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे, तेल लावलं तरी भुरेच. वरच्या बाजूला ते लांब होते आणि खाली खाली जावं तसे आखूड. ते मला लगेच पटलं. गेल्या मे महिन्यात उवा झाल्या म्हणून मीच ते कानापर्यंत कापले होते. पदर सहा-सात वर्षांचा असावा. तेही जुळलं.

मग पदर बदलला. पातळसा, पिवळा. हळदीचा नाही, सुताचा. पिवळीजर्द लव, आणि तिच्यात उदबत्तीची राख. खूप राख. त्या पिवळ्यात एकच लांब केस गुंतलेला होता, अर्धा पांढरा.

त्याखाली शेवटचा पदर. वर्ष-दीड वर्षाचा असेल. मशेरी होती. लांब केस होते, सुरुवातीला अर्धे पांढरे आणि पुढे काळे, कलप लावतात बायका. लोकर नव्हती, एक तंतूसुद्धा नाही. आणि भुरा केस नव्हता. मी भिंग लावून पाहिलं, सुईने उकलून पाहिलं, दारात उन्हात धरून पाहिलं. नव्हता.

तोरण घरावरून कधी उतरतं ते कुणाला सांगायला नको. घरात मयत झालं की उतरतं.

चार वाजता लूम सुरू झाले तेव्हा मी अजून तशीच बसले होते. आप्पेपात्रातले स्क्रू नाचायला लागले. आत खाटेवर क्षितिजा उठून बसली होती आणि आई भूक लागली म्हणत होती. मी तिला जवळ घेतलं आणि इतकं आवळलं की ती रडली.

४

कुमारला सांगितलं. तो हसला नाही, पण त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, ते हसण्यापेक्षा वाईट. त्याचं म्हणणं साधं होतं. यंत्र आपल्या घरात कधी नव्हतं, मग आपला कचरा त्यात येईल कसा? भुरे केस हजार पोरांचे असतात, मशेरी अख्खा तालुका लावतो. आणि लोकर? लोकरीचं काय सांगू, तो म्हणाला, लोकर ती लोकर.

तो बोलला ते सगळं मीही स्वतःला बोलून चुकले होते. तीन वर्षांच्या यंत्रात सात-आठ वर्षांचा कचरा बसत नाही, हेही मला कळत होतं. पण माझ्या कामात कचऱ्याने मला कधी फसवलं नव्हतं.

मी घरभर पिवळं शोधलं. हळदीकुंकवाची साडी, दुपटी, पायपुसणी. त्या रंगाचं काहीच नव्हतं. मग शेजारी कारखान्यात गेले आणि मास्टरला विचारलं, इथे पिवळं सूत कधी चाललंय का? तो म्हणाला, भाभी, बीस साल से सफेद ही चलता है. मी परत आले तेव्हा पाय हलके झाले होते. वडी पुढचंही सांगत होती. पिवळं अजून यायचं होतं, म्हणजे वेळ होता.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र साफ करून जोडायला घेतलं. दुपार, लूम बंद, वारा पडलेला. बॅटरी कपाटात ठेवली होती, मुद्दाम लांब. क्षितिजा झोपेतून उठून आली आणि आई हे काय म्हणत उघड्या यंत्रावर वाकली. पंख्याला कसलीही वायर जोडलेली नव्हती.

पंखा फिरला. जोरात नाही, सावकाश, एक फेरी आणि वर थोडी. तिच्या कानामागचा सुटलेला केस हवेत सरळ उभा राहिला आणि टोकाकडून आत जायला लागला. तो केस तुटल्याचा आवाज मी ऐकला, असं मला अजून वाटतं. केस तुटल्याचा आवाज येत नाही, मला माहीत आहे. तिच्या श्वासाने पंखा हलला असेल, तेही मला माहीत आहे.

"आई, त्याने ओढला," ती म्हणाली.

तो केस मी चिमट्याने काढून जाळला, आणि त्याच आठवड्यात तिला शहापूरपुढे किन्हवलीला माझ्या आईकडे नेऊन ठेवलं.

५

लोकांना कारण सांगायला त्रास पडला नाही. लूमच्या लवेने पोरीला खोकला होतो, गावची हवा बरी. भिवंडीत हे कारण कुणालाही पटतं. कुमारलाही पटलं, किंवा त्याने पटवून घेतलं. शाळेचा दाखला त्यानेच काढून आणला.

माझा विचार असा होता. शेवटच्या पदरात भुरा केस नाही, एवढंच वडी सांगते. का नाही ते सांगत नाही. पोर मेली म्हणून नसेल तसं पोर आजोळी आहे म्हणूनही नसेल. मग मीच तो पदर खरा करते. पिवळं यायच्या आधीच तिला घरातून काढते, म्हणजे पिवळं आलं की त्याला न्यायला घरात कुणी नसेल. मला माझी अक्कल फार मोठी वाटली.

तोरणही मीच उतरवलं आणि पेटीत घातलं. सासू ओटीवरून उठून आली. ती बोलते खूप, पण त्या दिवशी हळू बोलली.

"घरान कोन मेलाय का, रीमा? तोरन का उतरवलंस?"

धूळ बसलीय, धुवायचंय, मी म्हटलं. ते परत लावलं नाही. सासूने पुन्हा विचारलं नाही, पण येताजाता रिकाम्या चौकटीकडे बघायची आणि नात घरात न्हाय तं घराला काय अर्थ हाय, असं भिंतीला सांगायची.

धनेशने नवा लॅपटॉप घेतला आणि हा तुम्हालाच ठेवा म्हणाला. मी नको म्हणत होते. पण फुकट आलेली वस्तू कुमार सोडणाऱ्यातला नाही. रोज ड्युटीवरून आला की तो त्यावर पत्ते खेळत बसायचा आणि पंखा घुमत राहायचा.

महिन्यातून एकदा मी किन्हवलीला जायचे. क्षितिजा पळत यायची आणि माझ्या मांडीत डोकं खुपसायची. मी तिला उठवायचे. केस साडीला चिकटेल, माझ्याबरोबर घरी येईल, यंत्रात जाईल. तिला जवळ बसवायचे, पण हातभर लांब. वेणी घालायला ती फणी घेऊन आली की म्हणायचे, आजीकडून घालून घे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिने फणी आणणं बंद केलं. मग माझ्या खेपाही कमी झाल्या, कारण तिने न आणलेली फणी मला बघवत नव्हती. निघताना मी गोठ्यामागे जाऊन साडी झटकायची आणि रडून घ्यायची, मग जीप पकडायची.

फोन मात्र रोज. फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. आई, तू घरी आहेस का? मी आहे म्हटलं की मग पुढचं बोलायची. का विचारायची कोण जाणे, पोरांना असतात सवयी.

वर्ष उलटलं. माझे केस पांढरे व्हायला लागले. एकतिसाव्या वर्षी. त्याचं मला बरंच वाटलं, कारण वडीत तसंच होतं, म्हणजे सगळं माझ्या हिशेबाने चाललं होतं.

६

दोन हजार नऊचा मे. कुमार म्हणाला, तुझं ते यंत्र परत तापायला लागलं, पत्त्यांचा डाव अर्ध्यात बंद पडतो. मी म्हटलं, उद्या दुपारी बघते.

एक वाजला, लूम थांबले. चार्जर, बॅटरी, तीस आकडे. या वेळी दिवा लागला नाही. नळाला हात लावला. स्क्रू पाव फेरा सोडून बसवलेले, आता ते माझेच होते. पंखा बाजूला केला. जाळीवर दीड वर्षाची नवी वडी होती. मशेरी, सुताची पांढरी लव, माझे केस. लोकर नाही, भुरं काही नाही. बरोबर त्या जुन्या वडीच्या शेवटच्या पदरासारखी. माझं काम चोख झालं होतं.

या वेळी मी ती सावकाश काढली, निसटू दिली नाही, आणि हातातच उलटी केली.

जाळीच्या बाजूला रेघा होत्या. बारीक, समांतर, फणी दाबल्यासारख्या. असणारच. तांब्याच्या पात्या वडीत रुततात, त्यांचा ठसा उमटतो. प्रत्येक वडीला तो असतो. आणि ज्या बाजूला ठसा ती बाजू सगळ्यांत जुनी. हे मी पाच वर्षं जाणत होते.

मी पेटी उघडली. जुन्या वडीचे पदर मी काडेपेटीत क्रमाने जपून ठेवले होते. शेवटचा, खालचा पदर काढला. जो मी सगळ्यांत नवा समजत होते, ज्यात पोर नव्हती. तो उलटा केला.

रेघा तिथे होत्या.

मग दुसऱ्या टोकाचा पदर पाहिला, भुऱ्या केसांचा. त्याची बाहेरची बाजू गुळगुळीत होती, पंख्याच्या हवेने गोल झालेली. त्या दिवशी वडी चिमट्यातून निसटली होती. खळग्यात पालथी पडली होती. मी ती वरून खाली वाचली, आणि नव्याकडून जुन्याकडे वाचत गेले.

मी फरशीवर मांडी घालून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आधी पोर नसलेलं घर, तोरण नसलेलं दार. माझे केस, काळे, मग हळूहळू पांढरे. कलप नव्हता तो. दीड वर्ष. मग पिवळी लव, खूप राख. त्यानंतर भुरे केस, आधी आखूड, मग लांब, आणखी लांब. उवांचं काही नव्हतं. पोर मोठी होत होती. दाराला पुन्हा तोरण होतं. सासूची मशेरी होती. सहा-सात वर्षं.

मला खरंच आनंद झाला. तो मी लपवणार नाही. पोर जगणार होती, चांगले कमरेपर्यंत केस वाढणार होते तिचे.

मग एक गोष्ट मी पहिल्यांदाच शोधली, जी दीड वर्षापूर्वी शोधायचं सुचलंच नव्हतं, कारण माझा सगळा जीव भुऱ्या केसांत होता. त्या जाड पदरात मी माझे केस शोधले. भिंग लावलं, सुईने उकललं, दारात उन्हात धरलं.

एकही नव्हता.

७

चार वाजले. लूम सुरू झाले, फरशी थरथरली. भिंतीत वर झरोका आहे, त्याला मी पुठ्ठा लावला होता, तो एका कोपऱ्यात सुटलाय. तिथून रोजच्यासारखी लव आत आली आणि उन्हात तरंगत खाली उतरली. मी हात पुढे केला. हातावर पडली ती पिवळी होती.

मी तशीच चपला न घालता शेजारी गेले. कारखान्याच्या दारातून आत पाहिलं. सगळ्या लूमवर पिवळं. फरशीवर, तुळयांवर, कारागिरांच्या भुवयांवरही पिवळी लव बसली होती. मास्टर हसून म्हणाला की नवी ऑर्डर आहे, पीले सूत का बीम आज ही चढ़ा है. त्याला आठवण राहिली होती, मी कधीतरी पिवळं विचारलं होतं याची. त्याला वाटलं मला आनंद होईल.

घरी येऊन मी पिशवी भरली. विचार केला नाही असं नाही. पोरीला आणलं नाही तर भुऱ्या केसांचा पदर सुरूच होणार नाही, मग मीही राहीन कदाचित. असंच, हातभर लांब बसून, साडी झटकत. दीड वर्ष मी तिला शिवले नव्हते आणि ते मी माझ्या हाताने केलं होतं. आणखी एक दिवसही मला ते जमणार नव्हतं. साडेपाचची शहापूर गाडी मिळाली असती.

सासूला सांगितलं, क्षितिजाला आणायला जाते, कायमचं. ती सरळ पेटीकडे गेली, तोरण काढलं, स्टुलावर चढली. या वयात चढू नको म्हणायचं माझ्या तोंडावर होतं, पण मी म्हटलं नाही. मरून-पोपटी तोरण पुन्हा चौकटीवर आलं. मग दिवेलागण झाली नव्हती तरी तिने देवापुढे उदबत्ती लावली. एक नाही, पुडाच पेटवला.

मी आईचा नंबर लावला. क्षितिजाने उचलला.

"आई, तू घरी आहेस का?"

"नाही गं," मी म्हटलं. "निघालेय. तुला न्यायला."

ती एवढंच म्हणाली की मग मी फणी काढून ठेवते.

फोन पिशवीत टाकून मी दाराकडे वळले तर सासूने खांद्याला धरून थांबवलं. डोक्याला काय लागलंय बघ, म्हणाली. कानामागून तिने काहीतरी ओढलं. थोडं दुखलं. तिने ते माझ्यापुढे धरलं. पिवळी लव, आणि तिच्याबरोबर आलेला एक लांब केस, अर्धा पांढरा. गळालेल्या केसांचं गुंतवळ करतात तसं तिने ते दोन बोटांत गोल गोल फिरवलं, केस लवेत गुंतला, आणि तिने ते खाली सोडलं. जमिनीवर यंत्र अजून उघडंच होतं.

ते गुंतवळ मी ओळखलं. काडेपेटीत ते मधल्या पदरात आहे. त्याच्यानंतर माझा तिथे काहीही नाही.

उंबऱ्याशी मी किती वेळ उभी राहिले ते कळलं नाही. लूम चालू होते, आप्पेपात्रातले स्क्रू नाचत होते. ते पुन्हा कुणी बसवणार नाही असं मनात आलं, मग आलं की बसवेल कुणीतरी, पाव फेरा सोडून.

मी न्हाणीत गेले, लोखंडी नळाला हात लावून आले, आणि निघाले. पोरीला शिवायचं होतं.